कुणापैकी, हे विचारायची ती जागा नव्हे

मागच्या महिन्यात बेळगाव-खानापूर साईडच्या दोन-चार ग्रुपवर एक स्क्रीनशॉट फिरत होता, तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडं पोचला असणार. क्रूसावर चढवलं जाण्याचं आकर्षण असलेली प्रौढ माणसं जगभरातून ऑनलाइन जमतात, त्यांच्यात नव्यानं आलेल्या एकानं आपली ओळख करून दिली होती. सात-आठ ओळी, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. टोपणनाव, वय चाळिशीच्या आसपास, बेळगावजवळचा, कारखान्यात शिफ्ट ड्युटी, घरात यातलं कुणाला काही माहीत नाही, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज धाडस केलं, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. शेवटी चक्क 'थँक्यू सर' लिहिलेलं. कुणीतरी आतल्यानंच हे बाहेर काढलं आणि मग ग्रुपवर दुसरा विषयच नाही. हा उद्यमबागेतल्या कारखान्यातला की मच्छेतल्या? आपल्यातला की त्यांच्यातला? ख्रिश्चनच असणार हो, नाहीतर असलं डोक्यात येईल कशाला? एका बहाद्दरानं तर शिफ्टच्या टायमावरून कारखाना काढायला घेतला.

यावर जो वाद झाला तो मला फार भिकार वाटला, म्हणून हे लिहितोय. एका बाजूला 'विकृती आहे, पोलिसात द्या, असल्यांना गावात ठेवू नका' म्हणणारे. दुसऱ्या बाजूला पुण्याबेंगळूरला नोकरीला असलेली आपलीच पोरं, 'कन्सेंट आहे ना, मग विषय संपला, तुम्हाला काय करायचंय' म्हणणारी. पहिल्यांना आपली किळस सांगायची होती, दुसऱ्यांना आपला मोकळेपणा दाखवायचा होता, आणि ज्याच्यावरून हे चाललं होतं त्याचं काय, हे विचारायला कुणालाच सवड नव्हती. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. असल्या मंडळींत नवीन माणूस येतो तेव्हा त्याला प्रश्न विचारलेच पाहिजेत, आणि चांगले खडसावून विचारले पाहिजेत, पण ते वयाचे, राजीखुशीचे आणि सुरक्षिततेचे. नाव काय, गाव कुठलं, कुणापैकी, हे आपले नेहमीचे प्रश्न तिथं विचारू नयेत आणि बाहेर बसलेल्यांनी तर अजिबातच विचारू नयेत. आणि या सगळ्या प्रकरणात गैर वागलेला माणूस मला एकच दिसतो, तो स्क्रीनशॉट काढणारा.

आता हे लोक करतात तरी काय, ते थोडक्यात सांगतो, कारण ग्रुपवर निम्म्या लोकांच्या डोळ्यासमोर रक्ताचे पाट होते. यातल्या पुष्कळांचं सगळं चित्रं बघण्यात, गोष्टी लिहिण्यात आणि रोमन इतिहासावर वाद घालण्यात जातं. इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर कापुआ ते रोम रस्त्याच्या कडेनं सहा हजार गुलामांना क्रूसावर टांगलं होतं, तो क्रूस इंग्रजी टी अक्षरासारखा होता की अधिक चिन्हासारखा, खिळा तळहातात ठोकायचे की मनगटात, असल्या गोष्टींवर तिथं पानंच्या पानं लिहिली जातात. काही जण प्रत्यक्षात करतात, पण दोरीनं किंवा पट्ट्यांनी, पायाखाली आधार ठेवून, थोडा वेळ, सोबत माणूस घेऊन, आणि 'उतरव' म्हटलं की उतरवायचं हे आधी ठरवून. खिळ्यांपर्यंत जाणारे विरळा. रोमन लोकांनी ज्याला टांगलं त्याला 'उतरव' म्हणायची सोय नव्हती, सगळा फरक त्यात आला. हे मला आवडतं का? नाही. वाचतानासुद्धा खांदे अवघडतात माझे. पण माझ्या खांद्यांवरून दुसऱ्याची शिक्षा ठरत नसते.

विकृती म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न असा की शरीराला मुद्दाम कष्ट देणं आपल्याला खरोखरच इतकं नवीन आहे का? घाटावर बगाड अजून निघतं, साताऱ्याकडच्या बावधनचं बगाड बघायला लोक लांबून जातात. पूर्वी गळ पाठीच्या कातड्यात खुपसून माणूस फिरवायचे, आता कापडानं बांधतात. गालातून सळई आरपार, हा प्रकार आपल्या भागातल्या जत्रांत ज्यांनी बघितलेला नाही असे म्हातारे कमीच सापडतील. हे सगळं नवसापायी, म्हणून ती श्रद्धा. फिलिपीन्समध्ये सान पेद्रो कुतुद म्हणून गाव आहे, तिथं १९६०च्या दशकापासून दर गुड फ्रायडेला माणसं स्वतःला क्रूसावर खऱ्या खिळ्यांनी ठोकून घेतात. रूबेन एनाहे नावाचा पाट्या रंगवणारा माणूस १९८५ साली इमारतीवरून पडला आणि वाचला, त्या नवसापायी तो तीसपेक्षा जास्त वेळा क्रूसावर गेलाय. तिथल्या कॅथलिक चर्चला हे पसंत नाही, चर्च दरवर्षी करू नका म्हणतं, सरकारी आरोग्य खातं म्हणतं करणारच असाल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या आणि खिळे निर्जंतुक करा, आणि हजारो टुरिस्ट कॅमेरे घेऊन उभे असतात. लाकूड तेच, खिळे तर इथल्या दोरीपेक्षा कितीतरी भयंकर. पण एनाहेला कुणी विकृत म्हणत नाही, आणि आपल्या शिफ्टवाल्याला मात्र म्हणतात, का? तर त्यानं देवाचं नाव घेतलं नाही, मला आवडतं म्हणाला. म्हणजे आक्षेप वेदनेला नाहीच, आवडण्याला आहे. अमेरिकेत फ्रेडरिक झुगिबे नावाच्या डॉक्टरनं धडधाकट माणसांना क्रूसावर पट्ट्यांनी टांगून त्यांचा श्वास, रक्तदाब मोजला, कारण पिएर बार्बे या फ्रेंच सर्जनचं म्हणणं होतं की क्रूसावरचा माणूस गुदमरून मरतो आणि झुगिबेला ते तपासायचं होतं. तिथं ते संशोधन झालं. टांगून घेणाऱ्यांना मजा आली की नाही हे कुणी विचारलं नाही म्हणून बरं.

यावर ग्रुपमधल्या एका वकिलानं जो मुद्दा काढला तो मात्र जड होता आणि तो टाळून पुढं जाता येणार नाही. तो म्हणाला, राजीखुशी, राजीखुशी काय लावलंय, या जिल्ह्यात तो शब्द कुणाच्या तोंडात कसा घातला गेला ते सौंदत्तीच्या डोंगराला विचारा. बरोबर आहे. यल्लम्माला मुली सोडल्या जायच्या तेव्हा कागदावर, तोंडावर, सगळीकडं राजीखुशीच असायची. देवीनं बोलावलं, जट आली, मुलीला अंगात येतंय, आता सोडलीच पाहिजे. मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला, तेव्हा हा जिल्हा मुंबईतच होता, पुन्हा १९८२ साली कर्नाटकानं कायदा केला, तरी पुढं कितीतरी वर्षं चोरून चालूच होतं. शिमोग्याकडच्या चंद्रगुत्तीला नागवं होऊन देवीला जायची चाल होती, तिथं १९८६ साली मोठा राडा झाला आणि सरकारला ती बंद करावी लागली, तिथल्या बायकासुद्धा 'आमच्या मनानं जातो' म्हणतच होत्या. कर्नाटकाचा २०१७चा अमानुष प्रथा आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा, जो अंमलात यायला २०२० उजाडलं, त्यात गळ टोचून लोंबकळणं आणि गालातून सळई घालणं या दोन्हीला बंदी आहे, ती याच अनुभवातून आली. नरेंद्र दाभोलकर, गोविंद पानसरे, धारवाडचे कलबुर्गी, यांचे खून ज्या काळात झाले त्याच काळातला हा कायदा आहे आणि तो हवाच होता. तेव्हा 'कन्सेंट आहे, विषय संपला' हे बेंगळूरच्या एसी ऑफिसात बसून म्हणणाऱ्यांनी एकदा खाली येऊन बघावं. विषय तिथं संपत नाही, खरं तर तिथं सुरू होतो.

पण वकीलसाहेबांचा हाच मुद्दा नीट धरून पुढं गेलं तर तो कुठं पोचतो बघा. देवदासी सोडलेल्या मुलीचं नाव गाव कुणाला माहीत नव्हतं? अख्ख्या गावाला माहीत होतं. कुणाची पोरगी, कुठल्या गल्लीतली, कुणापैकी, सगळं. आईबाप समोर उभे, पुजारी समोर, गौडा समोर, भर दिवसा, वाजतगाजत. मग त्या उघडपणानं तिला वाचवलं का? उलट त्या उघडपणानंच तिला अडकवलं, कारण सगळ्या गावासमोर 'नाही' म्हणायची तिची टाप नव्हती, आणि म्हणाली असती तर देवीचा कोप तिच्या घरावर आला म्हणून गाव मोकळं. म्हणजे घरच्यांना माहीत आहे, गावाला माहीत आहे, म्हणजे माणूस सुरक्षित आहे, हा जो आपला समज आहे त्याला आपल्याच जिल्ह्यानं शंभर वर्षं खोटं पाडलंय. तिला कुणीच विचारलं नाही असा प्रश्न एकच होता, की तू आत्ता नको म्हणालीस तर चालेल काय? आणि तो प्रश्न विचारायला नाव लागत नाही, वय लागतं, एकांत लागतो, आणि समोर असा माणूस लागतो की ज्याचं हो किंवा नाही मध्ये काही अडकलेलं नाही. नव्यानं आलेल्याला जुनीजाणती माणसं हे विचारत असतील, तुला कुणी पाठवलंय का, जोडीदाराच्या दबावाखाली आलायस का, तुझं 'नको' कुठून सुरू होतं, तर ती माणसं सौंदत्तीच्या जत्रेतल्या सगळ्या पंचांपेक्षा शहाणी म्हणायची.

आणि वयाच्या बाबतीत मी कसलीही सूट द्यायला तयार नाही. अठराच्या आतलं कुणी आलं तर दार बंद, चर्चा नाही, समजूत नाही, 'आमच्या वेळी' वगैरे नाही. नुसतं 'हो, मी अठराचा आहे' असं लिहून घेणं पुरेसं नाही हेही मला मान्य आहे, बोलण्यातून शंका आली तरी बाहेर काढावं. इथं मी स्क्रीनशॉटवाल्या मंडळींपेक्षाही कडक आहे.

दुसरा चांगला आक्षेप जीवाचा. कुणीतरी लिहिलं, उद्या हा माणूस माळ्यावर दोरी बांधून लटकला आणि मेला तर जबाबदार कोण? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही कारण धोका खराच आहे. माणूस हालचाल न करता उभा टांगलेला राहिला की रक्त पायात साचतं, मेंदूकडं कमी जातं, काही मिनिटांत शुद्ध जाऊ शकते, आणि जमिनीवर चक्कर आली तर माणूस पडतो आणि पडल्यामुळंच वाचतो, इथं दोरी पडू देत नाही. हातावर भार आला की खांद्यातल्या नसा दबतात, बोटं आठवडे आठवडे बधिर राहतात. पण आता मला सांगा, हे त्या शिफ्टवाल्याला सांगणार कोण? घरी सांगता येत नाही, दवाखान्यात गेला तर कंपाउंडर आधी हसणार, मित्राला सांगितलं तर तो ग्रुपवर टाकणार, हे तर आपण सिद्धच करून दाखवलं. उरली कोण, तर आधी हे केलेली माणसं. त्या स्क्रीनशॉटखाली पहिलंच उत्तर होतं ते आपल्या फॉरवर्डवाल्यांनी कापून टाकलं नव्हतं, नजरेतून सुटलं असणार. एका बाईनं लिहिलं होतं: वेलकम, एकट्यानं कधीही नाही, पायाखाली फळी, हाताशी कात्री, आणि सोबतच्या माणसाला घाई नसावी. यातली कात्री वाचून मी थांबलो. गाठ सोडवत बसायला वेळ नसतो, दोरी कापायची असते, हे ज्यानं बघितलंय तोच लिहू शकतो. असली चार वाक्यं जिथं मिळतात ती जागा बंद करून तुम्ही त्याचा जीव कसा वाचवणार आहात? तो माळ्यावर जायचा तो जाणारच, फक्त कात्रीशिवाय जाईल.

चर्चचा मुद्दाही निघाला, आणि तो काढणारा गृहस्थ कॅम्पातला होता, शांतपणे बोलला म्हणून जास्त लागला. तो म्हणाला, आम्ही गुड फ्रायडेला फातिमा कॅथेड्रलमध्ये तास तास गुडघ्यावर असतो, आमच्या आजीला क्रूस बघून रडू यायचं, आणि कुणाला त्याची गंमत वाटते, आम्ही काय समजायचं? याला माझ्याकडं तोडीस तोड उत्तर नाही, दुखणं खरं आहे. मी एवढंच म्हणेन की क्रूस आधी रोमन सरकारचा होता, गुलामांना आणि बंडखोरांना भर रस्त्यात बेअब्रू करून मारायचं ते साधन होतं, येशूच्या आधीही लाखो लोक त्याची भीती बाळगून जगले, चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइननं ती शिक्षा बंद केली असं सांगतात. त्या लाकडावर एकाच धर्माचा हक्क लावता येत नाही. आणि बंद खोलीत प्रौढांनी आपसात काही करणं वेगळं, चर्चच्या दारात जाऊन टवाळी करणं वेगळं. यातलं दुसरं कुणी केलं तर मी त्या गृहस्थाच्या बाजूला उभा राहीन. आणि गंमत बघा, ग्रुपवर 'ख्रिश्चनच असणार' म्हणून आधी बोट दाखवणारे कोण होते? हा गृहस्थ नव्हता. त्याच्या श्रद्धेचा कळवळा येऊन पोलिसात द्या म्हणणारे, आणि त्याच्याच समाजावर संशय घेणारे, ही माणसं तीच होती.

आता माझ्या स्वतःच्या म्हणण्याला अडचणीत आणणारी एक गोष्ट सांगतो, कारण ती कुणी काढली नाही. १९९६ साली फिलिपीन्समध्ये एक जपानी माणूस आला, आजारी भावासाठी क्रूसावर जातोय म्हणाला, गावकऱ्यांनी भाविक समजून त्याला चढवलं, आणि पुढं कळलं की त्याचं शूटिंग पीडा बघून सुख घेणाऱ्यांच्या बाजारासाठी होतं. गाव भडकलं, परदेशी लोकांना बंदी झाली. २००९ साली बुलाकान प्रांतात ऑस्ट्रेलियाच्या टीव्हीवरचा एक विनोदवीर खरी ओळख लपवून क्रूसावर गेला, कार्यक्रमासाठी. म्हणजे टोपणनावाआड फसवणूक होते, होते की! पण दोन्ही वेळा गावाचं नुकसान कशानं झालं? खोट्या नावानं नव्हे, खोट्या हेतूनं. पासपोर्ट बघितला असता तर जपानी माणूस जपानीच निघाला असता. 'तू हे कशासाठी करतोयस आणि कॅमेऱ्यातलं पुढं कुठं जाणार' हे विचारायला हवं होतं, ते कुणी विचारलं नाही कारण नवसाला असले प्रश्न विचारत नाहीत. आपला शिफ्टवाला बघा, नाव लपवून हेतू पहिल्याच ओळीत उघडा टाकून मोकळा झाला. यात जास्त प्रामाणिक कोण?

कायदा काय म्हणतो हेही लोक ठोकून देत होते. भारतीय न्याय संहितेचं कलम २५ म्हणतं की अठरा वर्षांवरच्या माणसानं संमती दिली असेल आणि कृत्य मरण किंवा गंभीर दुखापत होईल अशा हेतूनं वा जाणिवेनं केलेलं नसेल तर तो गुन्हा नाही, जुन्या दंडविधानात हेच ८७ कलम होतं आणि त्यात उदाहरण दिलंय ते गंमत म्हणून तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचं. आपल्या तालमीत कुस्त्या होतात त्या याच आधारावर. म्हणजे दोरीचा प्रकार एका बाजूला, आणि खिळे ठोकणं, हाड मोडणं याला मात्र संमती असली तरी कायदा हात झटकत नाही, ते कुणी विसरू नये. इंग्लंडमध्ये काय झालं ते मुद्दाम सांगतो. तिथं काही पुरुष आपसात खासगीत एकमेकांना इजा करून घ्यायचे, कुणाची तक्रार नव्हती, पोलिसांच्या हाती व्हिडिओ लागला म्हणून केस झाली आणि १९९३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं तीन विरुद्ध दोन मतांनी शिक्षा कायम केली, १९९७ला युरोपच्या मानवी हक्क कोर्टानंही त्यांना मदत केली नाही. तीन विरुद्ध दोन. एवढे मोठे न्यायाधीश जिथं जवळजवळ अर्धे-अर्धे फुटतात तिथं आपल्या ग्रुपचा अ‍ॅडमिन एका इमोजीनं निकाल देतो! डॉक्टरांचं शास्त्र तर तिथून बरंच पुढं गेलंय. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३च्या यादीत वेगळी आवड आणि आजार यात सरळ फरक केलाय, त्यामुळं माणसाला स्वतःला त्रास होत असेल किंवा दुसऱ्यावर जबरदस्ती होत असेल तरच आजार. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२पासून लागू असलेली यादीसुद्धा आपसातल्या राजीखुशीच्या प्रकाराला नुसता तेवढ्यावरून आजार मानत नाही, माणसाला स्वतःला फार त्रास होत असेल किंवा जीवाला मोठा धोका असेल तरच मानते, आणि जबरदस्तीचा प्रकार वेगळा ठेवलाय.

आता मराठी माणसानं मला सांगावं की टोपणनावानं खासगी प्रश्न विचारणं हे काय इंटरनेटनं शिकवलेलं पाश्चात्त्य खूळ आहे? र. धों. कर्वे १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' काढत होते, त्यात वाचकांच्या असल्या प्रश्नांना ते उत्तरं द्यायचे की जे प्रश्न नवराबायको एकमेकांना विचारत नव्हते. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेब आंबेडकर. केस हरले, दंड झाला, मासिक कर्व्यांच्या मरणापर्यंत, १९५३पर्यंत चाललं. त्या वाचकांना 'आधी नाव, गाव, जात छापा, मग उत्तर देतो' म्हटलं असतं तर किती पत्रं आली असती? आणि त्या पत्रांपैकी एखादं उचलून कुणी चावडीवर वाचून दाखवलं असतं तर आपण आज त्या वाचणाऱ्याला समाजसुधारक म्हटलं असतं काय?

सीमाभागातल्या माणसाला तर हे जास्त कळायला पाहिजे. इथं नाव सांगितलं की निम्मी कुंडली उघडते. आडनावावरून भाषा, भाषेवरून पक्ष, गल्लीवरून जात, आणि मग मागचं सगळं, १९५६ला हा भाग तिकडच्या राज्यात गेला तेव्हापासूनचं. बसमध्ये कंडक्टरशी कुठल्या भाषेत बोलायचं हे आपण अजून समोरच्याचा अंदाज घेऊन ठरवतो. एक नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाच्या राज्योत्सवाला आणि इथल्या मराठी माणसांच्या काळ्या दिवसाला, दुकान उघडं ठेवलंस की बंद, यावरून वर्षभर हिशेब चालतात. आणि या गावात, जिथं माणूस बिचारा सहीसुद्धा कुठल्या लिपीत करायची याचा विचार करतो, तिथं आपण एकाची रात्रीची खासगी गोष्ट उचलून तो 'आपल्यातला की त्यांच्यातला' हे शोधत बसलो. समजा सापडला. मराठी निघाला असता तर एका बाजूनं मिटक्या मारल्या असत्या, कन्नड निघाला असता तर दुसऱ्या. त्याच्या पोरीला बघायला येणारे आले नसते. सुपरवायझरनं ड्युटी बदलली असती. हे सगळं कशासाठी? त्यानं सात-आठ ओळी लिहिल्या, त्यात कुणाला शिवी नव्हती, कुणाला आमंत्रण नव्हतं, कुणाचा फोटो नव्हता. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ला खासगीपण हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलं, ते आपल्या खानापूर तालुक्याला लागू नाही असं त्या निकालात कुठं लिहिलेलं नाही.

मी दोन ग्रुपांच्या अ‍ॅडमिनना फोन करून सांगितलं की डिलीट करा, शोधाशोध थांबवा. एकानं लगेच केलं. दुसरा म्हणाला, लोकांना माहिती पाहिजे की नको ओ, आणि संध्याकाळपर्यंत मलाच काढून टाकलं. त्या ग्रुपवर तो स्क्रीनशॉट अजून आहे. तिथं जे आहेत त्यांना एकच सांगणं: कुणाला त्या माणसाचं नाव लागलंच, आणि कुणी त्यावरून त्याच्याकडं पैसे मागायला लागलं, तर तो न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीचा गुन्हा आहे आणि त्याची फिर्याद द्यायला तो माणूस स्वतः कधीच पुढं येणार नाही, तेव्हा ज्याला कळेल त्यानं द्यावी, आणि देताना त्याला क्रूस का आवडतो हे ठाण्यात सांगत बसू नये.